बादलीमागची दिवाळी

प्रश्न: (पत्र लांबलचक होतं, त्याचा सारांश देत आहोत. लिहिणाऱ्या ताईंची ओळख तर लपवली आहेच, कुत्रीचं नावही बदललं आहे. सोसायट्यांमध्ये माणसांपेक्षा कुत्र्यांची नावं जास्त जणांना ठाऊक असतात.)

आम्ही पुण्यात एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. आमच्याकडे दोन वर्षांची देशी कुत्री आहे, बुंदी. चार महिन्यांची असताना पार्किंगमध्ये सापडली. एरवी अगदी शहाणी आहे. पण गेल्या नरक चतुर्दशीच्या पहाटे पहिला सुतळी बॉम्ब फुटला आणि ती बाथरूममध्ये बादलीमागे जाऊन बसली. दोन दिवस धड जेवली नाही, शी-शूला खाली उतरायला तयार नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सासऱ्यांनी तिला पट्ट्याला धरून बाहेर ओढलं, तेव्हा ती त्यांच्यावर गुरगुरली. तेव्हापासून घरात 'कुत्री बिघडली' असं बोललं जातं. सासरे म्हणतात, मी सारखी कुशीत घेते म्हणून ती भित्री झाली. एका ट्रेनरने सांगितलं, रोज तिच्यासमोर दोन-चार लवंगी फटाके वाजवा, आपोआप सवय होईल. शेजारच्या काकू त्यांच्या कुत्र्याची झोपेची गोळी द्यायला तयार आहेत. नवऱ्याचं म्हणणं, चार दिवसांचा तर प्रश्न आहे, गावी जाऊ. नऊ वर्षांच्या मुलाला फटाकेही हवेत आणि बुंदीही. ढोल पथकांचा सराव सुरू झालाय आणि ती आतापासूनच कान टवकारून बसते. या दिवाळीपर्यंत तिला धीट कसं करू? आणि माझंच काही चुकलंय का?

उत्तर:

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तुमचं चुकलेलं नाही. घाबरलेल्या कुत्रीला जवळ घेतलं की ती आणखी भित्री होते, हा समज इतका मुरलाय की वर्षानुवर्षं कुत्री पाळणारेही तो खरा मानतात. त्यामागचा तर्क वरवर बरोबर वाटतो. उडी मारल्यावर बिस्किट दिलं तर कुत्रं पुन्हा उडी मारतं, मग थरथरल्यावर माया केली तर पुन्हा थरथरणार. पण उडी मारायची की नाही हे कुत्रं ठरवतं. थरथर, धाप, छातीतली धडधड यांतलं काहीच त्याच्या हातात नसतं. माया मिळावी म्हणून कुणी घाबरत नाही. उलट ती स्वतःहून तुमच्याकडे आली आणि तुम्ही शिस्तीच्या नावाखाली तोंड फिरवलंत, तर अडचणीच्या वेळी या घरात आपल्याला कुणी वाली नाही, एवढंच ती शिकते.

अट एकच, माया तिला हवी असली पाहिजे. घट्ट आवळून 'काही नाही गं, काही नाही' असं घाईघाईने पुटपुटत राहणं बऱ्याच कुत्र्यांना सोसत नाही. तुम्ही जमिनीवर बसा, हात सैल ठेवा. तिला टेकायचं असेल तर ती टेकेल.

आता गुरगुरण्याबद्दल. तुमच्या पत्रात मला सगळ्यात काळजीचं तेच वाटलं, फटाक्यांपेक्षाही. बुंदीने बाथरूम का निवडलं असेल? घराच्या आतल्या बाजूला, एवढीशी खिडकी, दार ढकललं की अंधार, पाठीशी भिंत आणि पुढे बादलीचा आडोसा. दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये याहून चांगली जागा तुम्हालाही सुचली नसती. तिथून तिला ओढलं तेव्हा पळायला वाट उरली नव्हती. मग तिने तिच्या भाषेत 'नको' म्हटलं. दात लावले नाहीत, नुसती गुरगुरली. याला बिघडणं म्हणत नाहीत. गुरगुरण्यावरून तिला दटावलंत तर ती गुरगुरणं सोडून देईल, भीती मात्र तशीच राहील. मग पुढच्या वेळी इशारा न देता थेट चावा, आणि घरात नऊ वर्षांचं मूल आहे. म्हणून या दिवाळीचा पहिला नियम हाच ठेवा: लपलेल्या बुंदीला कुणी ओढायचं नाही, तिच्यासमोर वाकून डोकावायचं नाही, मोबाइलचा टॉर्च मारायचा नाही. आजोबांनी नाही आणि नातवानेही नाही.

'धीट कसं करू' असं तुम्ही विचारलंत. तिथे मला जरा थांबवायचंय तुम्हाला. सुतळी बॉम्ब फुटला तरी ढिम्म बसलेलं कुत्रं आपण डोळ्यांसमोर आणतो. पण शांत कुत्रीही दचकते. दचकून मान वर करते, दाराकडे बघते, तुमच्याकडे बघते आणि पुन्हा डोकं खाली टेकवते. फरक असतो तो सावरायला लागणाऱ्या वेळात. गेल्या वर्षी बुंदीला सावरायला दोन दिवस लागले. यंदा ती बाथरूममध्येच बसली, पण रात्री अकराला बाहेर येऊन जेवली, तर मी त्याला यश म्हणेन. तुम्हीही म्हणा आणि घरच्यांनाही आधीच तसं सांगून ठेवा. नाहीतर ती लपली रे लपली की 'झाला का तुमच्या ट्रेनिंगचा उपयोग?' हे ऐकावं लागेल.

पत्रात आणखी एक गोष्ट न बोलता मानलेली दिसते: देशी कुत्री, रस्त्यावर जन्मलेली, तिला फटाक्यांचं काय? लक्ष्मीपूजनाच्या रात्री नऊला रस्त्यावर किती कुत्री दिसतात ते यंदा बघा. उभ्या गाड्यांखाली, जिन्याच्या सांदीत, बांधकामाच्या तळघरात दडलेली असतात. काही जी पळतात ती आपला इलाका सोडून भलत्याच वस्तीत पोचतात. आपण ती मोजत नाही, म्हणून आपल्याला ती सवयीची वाटतात.

त्यांच्या कानांचाही विचार करा. माणसाला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला सुमारे 45,000 पर्यंत. आपल्याकडे फटाक्याच्या आवाजाला कायद्याने घातलेली मर्यादा आहे 4 मीटर अंतरावर 125 डेसिबल, म्हणजे नियमातला फटाकाही आपल्या कानठळ्या बसवतो. शिवाय तो कधी वाजणार, कुठून वाजणार, पुन्हा वाजणार की नाही, यातलं काहीच कळत नाही. सोबत झगमगाट आणि फटाक्यांच्या दारूचा वास. कुकरच्या शिट्टीला बुंदी घाबरत नसेल, कारण शिट्टीच्या आधी कुकर फुसफुसतो आणि शिट्टीनंतर जेवण येतं. सुतळी बॉम्बच्या आधी काही नसतं आणि नंतर दुसरा सुतळी बॉम्ब असतो.

पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंतचा काळ जगाची ओळख करून घेण्याचा असतो. त्या वयात जे सहजपणे भेटतं त्याची भीती कमी राहते. बुंदी तुमच्याकडे आली तोवर तो काळ सरला होता, आणि त्या पार्किंगमध्ये तिने काय काय सोसलं ते कुणालाच ठाऊक नाही. घरी नुकतंच दोन महिन्यांचं पिल्लू आणलेल्या वाचकांनी मात्र हे वाक्य पुन्हा वाचावं. ताट पडणं, मिक्सर, दाराची बेल, टिकल्यांची बंदूक, सगळं लांबून, हळू आणि खाऊच्या संगतीने. यापेक्षा सोपी वेळ पुन्हा येत नाही.

ट्रेनरचा सल्ला मात्र अजिबात मानू नका. विहिरीत ढकलून पोहायला शिकवलेली एक पिढी आपल्याकडे आहे. त्यातले काही पोहायला शिकले, आणि काही आजही पाण्यापासून चार हात लांब राहतात. कुत्र्यांमध्ये ही दुसरी जात मोठी आहे. भीती आधीच बसली असेल तर वारंवारच्या दणक्याने ती बोथट होत नाही, धार काढल्यासारखी तीक्ष्ण होते. पुढे पुढे मग फटाक्याचीही गरज उरत नाही. तुम्ही काडेपेटी उचललीत तरी बुंदी बाथरूमकडे धावेल.

मग करायचं काय? तुमचं पत्र योग्य वेळी आलंय. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात येणाऱ्या पत्रांना 'डॉक्टरांकडे जा आणि खिडक्या लावा' यापलीकडे मी फार काही सांगू शकत नाही. अधिक महिना मध्ये आला नाही तर गणेश चतुर्थी ते लक्ष्मीपूजन साधारण आठ आठवडे मिळतात. त्याआधीचा हा श्रावणही तुमच्या हातात आहे.

सुरुवात आवाजाने करू नका, गोधडीने करा. एक जुनी, घरातल्यांच्या वासाची गोधडी घ्या. संध्याकाळी तुम्ही चहा घ्यायला बसता तेव्हा ती शेजारी अंथरा. बुंदी तिच्यावर येऊन बसली की काही न बोलता तिच्या पंजांमध्ये खाऊचा तुकडा ठेवा. तिने मान खाली टाकली, एका कुल्ल्यावर कलंडली, मोठा सुस्कारा सोडला, की आणखी एक. 'बस', 'थांब' वगैरे हुकूम नकोत. तिला उठून जायचं असेल तर जाऊ दे. असं रोज दहा-पंधरा मिनिटं चाललं की काही आठवड्यांत गोधडी दिसली की ती सैलावायला लागते. गोधडीचा मोठा फायदा म्हणजे ती उचलून कुठेही नेता येते, दिवाळीत बाथरूममध्येसुद्धा.

खाऊ कसला? रोजचं बिस्किट नको. उकडलेलं चिकन, मीठ-मसाला न घातलेलं, चण्याच्या दाण्याएवढे तुकडे. कांदा तर अजिबात नको, तो कुत्र्यांना बाधतो. शाकाहारी घर असेल तर पनीर चालेल. हा खाऊ एरवी मिळता कामा नये.

आता आवाज. फटाक्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज सहज मिळतात. नुसत्या मोबाइलवर वाजवू नका, त्यातून तो छातीत बसणारा खालचा दणका येतच नाही. बरा स्पीकर दुसऱ्या खोलीत ठेवा आणि आवाज इतका कमी करा की तुम्हाला कान देऊन ऐकावं लागेल. 'फट्' झालं, बुंदीचा कान हलला, की लगेच, सेकंद-दोन सेकंदांत, चिकन. पुन्हा शांतता. पुन्हा 'फट्', पुन्हा चिकन. क्रम महत्त्वाचा आहे: आधी आवाज, मग खाऊ. उलटं केलंत तर हुशार कुत्री आठवड्याभरात ओळखते की चिकन आलं म्हणजे आता काहीतरी वाईट होणार, आणि चिकनवरूनच विश्वास उडतो. हे दोन-तीन मिनिटं पुरे. तिने खाऊ नाकारला, जिभेने सारखे ओठ चाटायला लागली, झोप नसताना जांभया द्यायला लागली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागला, तर आवाज जास्त झाला असं समजा. त्या दिवशी थांबा आणि दुसऱ्या दिवशी कमी आवाजावर या. माणसं इथेच घाई करतात. तीन दिवस छान गेले की चौथ्या दिवशी आवाज एकदम दुप्पट.

ढोलांचा सराव तर तुम्हाला फुकटात मिळालेला शिक्षक आहे, फक्त लांबून. सराव चालतो तिथे तिला नेऊ नका. जिथून ढोल अगदी पुसट ऐकू येतो तिथवर फिरायला न्या, गवत हुंगू द्या, खाऊ द्या, परत या. कान टवकारणं वाईट नाही, ती माहिती घेतेय. टवकारलेले कान मागे चिकटले आणि शेपूट पोटाखाली गेली की मात्र मागे फिरा. विसर्जन मिरवणूक या शिक्षणात बसत नाही. त्या दिवशी ती घरातच बरी.

दसऱ्याच्या सुमारास गल्लीबोळात एखाद-दुसरा खरा फटाका वाजायला लागतो. तिथून पुढे रेकॉर्डिंग बंद करा आणि खाऊची डबी प्रत्येकाच्या खिशात ठेवा. खरा फटाका वाजला की जो जवळ असेल त्याने लगेच, उत्साहाने 'अरे वा!' म्हणत खाऊ द्यायचा किंवा तिची आवडती दोरी ओढायला घ्यायची. स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठात स्टेफनी रीमर या संशोधिकेने 1,200 हून अधिक श्वानमालकांना फटाक्यांच्या भीतीवर काय केलं आणि काय उपयोगी पडलं हे विचारलं होतं. 2020 साली ते प्रसिद्ध झालं. आवाज झाला की खाऊ किंवा खेळ देणाऱ्यांपैकी 70 टक्क्यांहून अधिक जणांनी फायदा झाल्याचं सांगितलं. शांत पडून राहायला शिकवणं आणि डॉक्टरांनी दिलेली औषधंही जवळपास तेवढीच उपयोगी ठरली होती. बाजारातले शांत करणारे अर्क, तेलं, सुगंधी स्प्रे मात्र बरेच मागे होते. ही मालकांनी दिलेली उत्तरं आहेत, प्रयोगशाळेतली मोजणी नाही, हे मान्य. पण चिकनला खर्च किती आणि धोका किती?

काकूंच्या गोळीबद्दल. घेऊ नका, त्यांचं मन राखायला घेऊन कपाटातही ठेवू नका. कुत्र्यांना गुंगी आणण्यासाठी वर्षानुवर्षं अ‍ॅसिप्रोमॅझिन नावाचं औषध दिलं जायचं, आजही काही ठिकाणी दिलं जातं. त्याने कुत्रं पडून राहतं आणि घरच्यांना हायसं वाटतं. पण त्याची भीती कमी झालेली नसते, फक्त हातपाय हलवायची ताकद गेलेली असते. सगळं ऐकू येतंय, कळतंय आणि हलता येत नाही. फटाक्यांच्या भीतीसाठी ते एकटं देऊ नये, असंच आता वर्तनतज्ज्ञ पशुवैद्य सांगतात. भीतीवरच काम करणारी औषधं वेगळी असतात. ट्रॅझोडोन, गॅबापेंटिन ही त्यातली काही नावं. ती कुत्रीचं वजन, तिचं हृदय-यकृत आणि चालू असलेली इतर औषधं बघून पशुवैद्यच ठरवतात. माणसांसाठी मिळणारी पातळ औषधं तर हातही लावू नयेत अशी. काहींमध्ये झायलिटॉल नावाची साखर असते आणि ती कुत्र्यांना विषारी आहे.

पण 'औषध म्हणजे हरलो' असं मानू नका. दोन दिवस न जेवणारी, लघवी धरून ठेवणारी कुत्री नुसत्या चिकनने सावरेल असं मला वाटत नाही. बुंदीच्या बाबतीत मी औषधाच्या बाजूने आहे. नवरात्र संपण्याआधी पशुवैद्यांची वेळ घ्या आणि गेल्या वर्षी काय काय झालं ते तासांसकट लिहून न्या. औषध ठरलं तर दिवाळीआधीच्या एखाद्या निवांत रविवारी ते देऊन बघा. काही कुत्री त्याने उलट अस्वस्थ होतात, आणि ते लक्ष्मीपूजनाच्या रात्री कळणं परवडत नाही. दिवाळीत ते पहिल्या धमाक्याच्या आधी द्यायचं असतं. ती बादलीमागे गेल्यावर त्याचा पुरेसा उपयोग होत नाही.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी एक: तुमचं कुत्रं सहा-सात वर्षं फटाक्यांना भीक घालत नव्हतं आणि अचानक घाबरायला लागलं असेल, तर आधी त्याचे सांधे, कंबर, कान, दात तपासून घ्या. ब्रिटनमधल्या लिंकन विद्यापीठातल्या संशोधकांच्या 2018 मधल्या एका छोट्या अभ्यासात दिसलं होतं की अंगात दुखणं असलेल्या कुत्र्यांमध्ये आवाजाची भीती इतरांपेक्षा उशिरा, मोठ्या वयात सुरू होते. दचकून अंग आखडलं की दुखतं, आणि मग आवाजच दुखण्याचा वाटायला लागतो.

गावी जाण्याचं. कल्पना वाईट नाही, पण गाव कुठलं? तालुक्याच्या गावातही हल्ली लक्ष्मीपूजनाला पुण्यासारखीच माळ लागते, वर घराला कुंपण नसतं. बुंदी तिथे याआधी राहिली असेल, निवांत झोपली असेल आणि ती वाडी खरोखरच शांत असेल, तर जा. वसुबारसेच्या आधी जा, प्रवास फटाक्यांच्या संध्याकाळी नको. तिने ते घर कधी पाहिलंच नसेल तर अनोळखी जागा, अनोळखी वास आणि त्यात एखादाच बॉम्ब, एवढं पुरतं पळून जायला. कुत्र्यांच्या पाळणाघरात दिवाळीपुरतं ठेवणं मी टाळेन. तिथे तिच्यासारखी आणखी वीस घाबरलेली असतात आणि आपलं माणूस एकही नसतं.

घरीच राहणार असाल तर लक्षात घ्या की सगळी तयारी संध्याकाळची करून आपण पहाट विसरतो. आपल्याकडे नरक चतुर्दशीला चार-साडेचारपासूनच अभ्यंगस्नानाची धांदल आणि फटाके सुरू होतात. बुंदीचा पहिला धक्का पहाटेचाच होता, हे तुम्हीच लिहिलंय. म्हणून आदल्या रात्रीच बाथरूम तिच्या नावावर करा, आंघोळी दुसऱ्या बाथरूममध्ये. एकच असेल तर पलंगाखालची जागा किंवा कपाटाचा खालचा कप्पा आजपासूनच तिला लावून द्या. गोधडी, पाण्याचं भांडं, कोपऱ्यात जुनी वर्तमानपत्रं. बादली काढू नका, ती तिने निवडलेली आहे. दार अर्धं उघडं राहू दे, कडी लावली तर आत अडकल्यासारखं वाटून ती दार ओरबाडेल. पडदे ओढा, पंखा आणि एक्झॉस्ट चालू ठेवा, टीव्ही मध्यम आवाजात. बाल्कनीचं दार बंद. घाबरलेलं कुत्रं कठड्याची उंची मोजत नाही.

फिरायला न्यायची वेळ बदला: सकाळी नऊनंतर, दुपारी चारच्या सुमारास आणि मग रात्री अगदी शांत झाल्यावर. दुपारचा फेरा जरा लांबचा आणि भरपूर हुंगू देणारा असू द्या. नुसता गळ्यातला पट्टा नको, छातीवरून जाणारा, नीट बसणारा हार्नेस हवा, आणि पट्ट्यावर फोन नंबर. मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची, ओळख-क्रमांकाची बारीक चिप) बसवली नसेल तर औषधासाठी जाल तेव्हाच बसवून घ्या, पालिकेचा परवानाही राहिला असेल तर काढा. हरवलेली कुत्री सापडतात ती बहुतेक वेळा अशा एखाद्या नंबरामुळे. आणि भाऊबीज झाली की सगळं आवरून ठेवू नका, तुळशीची लग्नं बाकी असतात.

सोसायटीचं काय? 'फटाके बंद करा' असा अर्ज घेऊन गेलात तर भांडण होईल आणि बुंदी त्यात बदनाम होईल. त्यापेक्षा जागा आणि वेळ मागा: मोठे आवाज फक्त गेटपलीकडच्या मैदानात, इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेत नाहीत, कारण तिथे भिंतींमुळे आवाज घुमतो. वेळेचं तर सर्वोच्च न्यायालयानेच 2018 मध्ये ठरवून दिलंय, दिवाळीत रात्री 8 ते 10, आणि रात्री 10 ते सकाळी 6 फटाके वाजवायला त्याआधीपासूनच मनाई आहे. सोसायटीत कुणाकडे तान्ही बाळं, दम्याचे आजोबा-आजी असतील तर त्यांनाही सोबत घ्या, नोटीस आपोआप वजनदार होते. नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेने ज्यांचं सूत्र तयार केलं ते हरित फटाके धूर कमी करतात, पण आवाज त्यांनाही असतो. तेव्हा 'आम्ही हरितच आणलेत' याने बुंदीचं काही भागत नाही. मध्यरात्री कुणी ऐकेनाच झालं तर पोलिसांना बोलवायला 112 आहे. पण रोजच्या लिफ्टमधल्या माणसावर ते वापरायच्या आधी एकदा त्याच्या घरी फराळाचं ताट घेऊन जा.

मुलाला 'बुंदीमुळे फटाके नाहीत' असं कृपा करून सांगू नका. नऊ वर्षांच्या मुलाला त्यातून एवढंच कळेल की कुत्रीने माझी दिवाळी नेली. फुलबाज्या, भुईचक्र, पाऊस त्याला मैदानात उडवू द्या, तेही शेजारच्या मुलांबरोबर. बाबांनी सोबत जावं, तुम्ही घरी थांबा, किंवा उलट. आणि खाऊच्या डबीचा मुख्य माणूस त्यालाच करा. आवाज झाल्यापासून चिकन पोचेपर्यंत किती वेळ लागला हे घड्याळ लावून मोजायला त्याला आवडेल, या कामात मुलं आपल्यापेक्षा चपळ असतात. फक्त बुंदी लपली असेल तेव्हा तुकडा लांबून सरकवायचा, हात बादलीमागे घालायचा नाही.

राहिले सासरे. त्यांच्याशी वाद घालून तुम्ही जिंकाल असं मला वाटत नाही, जिंकायची गरजही नाही. नरक चतुर्दशीला घरात सगळ्यात आधी तेच उठत असतील. तर पहाटेचं पहिलं चिकन त्यांच्या हातून जाऊ द्या, पण त्याची सुरुवात आजपासून. रोज संध्याकाळी गोधडीवरच्या बुंदीपासून चार हात लांब खुर्चीत बसून त्यांनी एक तुकडा तिच्याकडे टाकायचा आणि पेपर वाचायचा. तिला हाक मारायची नाही, कुरवाळायचं नाही. महिन्याभरात ती आपण होऊन त्यांच्या पायाशी येईल, आणि मग 'बिघडली' हा शब्द घरात कोण वापरतं ते बघा. एवढं मात्र त्यांना आवर्जून सांगा की गट्टी जमल्यावर लाडात येऊन रव्याचा लाडू द्यायचा नाही. त्यातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात, आणि पाडव्याच्या दिवशी उघडा दवाखाना शोधणं सोपं नसतं.